कुणाची हरकत?

येसाजीने चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि तिसऱ्यांदा तेच चार शब्द लिहायचा प्रयत्न केला. माझी याला हरकत आहे. पण लिहायला जागाच नव्हती. एरवी जिथे अक्षरं उमटायची तिथे आज एक राखाडी ओळ येऊन बसली होती: फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात.

वर जितेशचा संदेश होता. कोंडसरी नळपाणी समितीची सभा रविवारी सकाळी दहा वाजता देवळासमोर. विषय एकच. समितीचं काम सुरळीत चालल्यामुळे दरवर्षीची अध्यक्षाची निवड यापुढे घेऊ नये, सध्याचेच अध्यक्ष कायम राहावेत. कुणाची हरकत असल्यास आधी ग्रुपवर कळवावी. खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं होती.

"कळवावी म्हनतो, आनी दाराला आतून कडी घालून बसलाय," येसाजी म्हणाला.

त्याची बायको जयवंता सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमाला त्याच्या हसन्यातबी खडा दिसतो."

"दिसतो म्हंजी असतो."

येसाजीची ही खोड जुनी होती. खोपोलीच्या एका कागद गिरणीत अठ्ठावीस वर्षं त्याने फाटकावर काढली. आत येणाऱ्याचा डबा उघडून बघायचा, बाहेर जाणाऱ्याची पिशवी चाचपायची आणि सगळं मोत्यासारख्या अक्षरात वहीत उतरवायचं. निवृत्त होऊन तो कोंडसरीत परतला, पण नजर फाटकावरच राहिली. दुधात पाणी किती, पाहुणा आला तर काय मागायला आला, लग्नाची पत्रिका आली तर पाठीमागे कुठली निवडणूक आहे, हे त्याला आधी दिसायचं. गाव पाठीमागे त्याला शंकासुर म्हणायचा, आणि शिमग्यात तोंडावरसुद्धा.

असा हा ताक फुंकून पिणारा माणूस एकाच ठिकाणी गाफील राहिला होता, आणि हल्ली त्याला तेच टोचत होतं. पाण्याची योजना आली तेव्हा समितीच्या नियमांची वही त्यानेच लिहिली होती. झरा गावाचा नव्हता. डोंगरात, वरच्या ठाकूरवाडीच्या हद्दीत होता. तो आणि त्याचा जोडीदार चांगो वर जाऊन वाडीच्या अंगणात बसले. वाडीने एकच मागितलं: रोज सकाळचा पहिला तास आमच्या नळाला, मग पाणी खाली जाऊ दे. चांगोने झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन शब्द दिला. वहीत चौदा कलमं झाली, पण तो तास काही त्यात आला नाही. पाणी हातात घेऊन दिलेला शब्द शाईत कशाला बुडवायचा, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

अकरावं कलम मात्र येसाजीने मुद्दाम घातलं. पहिला अध्यक्ष झाला चांगो, आणि चांगो इतका भला की शिंक आली तरी चार जणांना विचारून शिंकायचा. पाइप फुटला तर हा गावभर मत विचारत फिरेल आणि तोवर टाकी कोरडी पडेल, म्हणून येसाजीने लिहिलं: अडचणीच्या काळात सर्व निर्णय अध्यक्षांनी एकट्याने घ्यावेत. अडचण संपल्याचे अध्यक्षांनी जाहीर करावे. चांगो त्यावर हसला होता आणि हे कलम मला वापरावं लागू नये, म्हणाला होता. आठ वर्षांत त्याने ते एकदाही वापरलं नाही. मग तो गेला आणि जितेश आला.

जितेश कामाचा होता, हे येसाजीही नाकारत नसे. शिळफाट्यावर त्याचं हार्डवेअरचं दुकान. तीन वर्षांपूर्वीच्या पावसात डोंगराची कड खचून निम्मी पाइपलाइन वाहून गेली, तेव्हा पठ्ठ्याने दुकानातले पाइप टेंपोत भरून आणले आणि गुडघाभर चिखलात उभं राहून चार दिवसांत पाणी सुरू केलं. त्या वेळी त्याने सभेत अकरावं कलम लागू झाल्याचं सांगितलं आणि गावाने टाळ्या वाजवल्या. येसाजीनेही वाजवल्या होत्या.

पाऊस संपला, अडचण काही संपली नाही. पावसाळ्यानंतर उन्हाळ्याची अडचण आली, तिच्यामागून विजेची, मग मोटारीची. दरवर्षी निवडीच्या दिवशी जितेश सांगायचा की अडचणीच्या काळात निवड कशी घ्यायची. दरम्यान वाडीचा तास अर्ध्या तासावर आला, मग दिवसाआड झाला, आणि दिवाळीपासून बंदच पडला. वर दाब पोचत नाही, असं कारण होतं. रस्त्याकडच्या प्लॉटिंगमधल्या नव्या बंगल्यांत मात्र सकाळी सहाला बागेवर पाइप धरलेले येसाजीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याने आधी गजाला गाठलं. गजा म्हणजे पाणी सोडणारा. टाकीखालच्या सगळ्या व्हॉल्वच्या चाव्या त्याच्या हातात. पण गजाकडून काही निघेना. फोन येतो, मी फिरवतो, कोणाचा व्हॉल्व कोणत्या वेळी ते विचारायचं माझं काम नाही, एवढंच तो पुनःपुन्हा सांगत राहिला, आणि सांगताना येसाजीच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत राहिला.

मग येसाजी वर वाडीत गेला. पारू अंगणात मोळी बांधत होती. वाडीच्या वतीने बोलायचं झालं की तीच बोलायची. बारा वर्षांपूर्वी चांगोच्या ओंजळीसमोर तीच बसली होती. शेजारी तीन हंडे पालथे पडले होते. खालच्या ओहोळातल्या डबक्यापर्यंत जाऊन यायला तासभर लागतो, आणि बायका दिवसातून तीनदा जातात, हे त्याला न विचारता कळलं.

"चांगोबाबा गेला, त्याच्यासंगं शब्दबी गेला काय, नाना?"

येसाजीने सभेचं सांगितलं. जितेश कायमचा बसणार, मग वाडीच्या तासाचं नाव घेणाराही कोणी उरणार नाही, हेही सांगितलं.

"पन एकट्या मानसाला यवडं बळ दिलं कुनी?"

"वहीत कलम हाय."

"वही कुनी लिवली?"

"मी," तो म्हणाला.

पारूने दोरीची गाठ गुडघा रोवून आवळली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला उतरताना वाटलं. शरमेने त्याचे कान तापले होते.

रविवारपर्यंत चार दिवस होते. येसाजी घरोघर गेला. कोंडसरीच्या गावकीत हात वर करून मोजायची पद्धत नाही. डोकी मोजली की गाव फुटतो, असं म्हातारे सांगत आले. अध्यक्षाने तीनदा विचारायचं, कुणाची हरकत? कोणी बोललं नाही तर झालं मंजूर. एकाने जरी हरकत म्हटलं तरी ठराव पडतो. तेव्हा एक आवाज पुरे होता, पण येसाजीला दहा हवे होते. लोकांनी चहा पाजला, माना हलवल्या, जितेश अति करतो हे खालच्या आवाजात कबूल केलं आणि नाना, तुम्ही सुरुवात करा, आम्ही मागे आहोत, असं प्रत्येकाने सांगितलं. प्रत्येकाने तेच शब्द वापरले, हे येसाजीच्या ध्यानात राहिलं.

कारण गावकीची दुसरीही एक रीत होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. ज्याची हरकत, त्याच्या डोईवर भार. मांडवाला हरकत घेतली तर मांडव तू घाल. पालखीच्या वाटेला हरकत घेतली तर नवी वाट तू साफ कर. बडबड्यांची तोंडं बंद करायला कधीकाळी कोणी ती काढली असावी. तिने सगळ्यांचीच तोंडं बंद केली होती.

रविवारी देवळासमोर सत्तर-ऐंशी माणूस जमलं. वाडीतून पारू आणि आणखी दोघी आल्या होत्या. त्या नेहमीसारख्या कडेला, पिंपळाच्या पाराखाली बसल्या. जितेशने ठराव वाचला. आवाज चांगला, बोलणं लाघवी. काम करणाऱ्याला दरवर्षी परीक्षेला बसवलं तर तो काम कधी करणार, एवढाच त्याचा सवाल होता. बायकांमधूनही हसू आलं.

"कुणाची हरकत?"

येसाजीने डावीकडे पाहिलं. चार दिवसांपूर्वी ज्याने आग्रहाने दुसरा कप ओतला होता तो चपलेचा अंगठा नीट करत होता.

"कुणाची हरकत?"

उजवीकडे सगळे देवळाच्या कळसाकडे बघत होते. जयवंताने मात्र नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात उठू नका असं होतं की उठा असं होतं, हे त्याला पन्नास वर्षांच्या संसारानंतरही सांगता आलं नसतं.

"कुणाची..."

"माजी हाय," येसाजी म्हणाला आणि उभा राहिला.

त्याला वाटलं होतं, आता गलका होईल, जितेश चिडेल, निदान तोंड तरी वाकडं करेल. तसलं काही झालं नाही. जितेश हसत खाली उतरला, टेबलावरची वही उचलली, पंपघराच्या खोलीची किल्ली खिशातून काढली आणि दोन्ही येसाजीच्या हातात ठेवल्या.

"रीतच आहे, नाना. ज्याची हरकत त्याच्या डोईवर भार. आजपासून तुम्ही अध्यक्ष."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांपूर्वी वाजवल्या होत्या तशाच. इतक्या सहज सुटलेली मूठ बघून येसाजीला संशय आला. हा माणूस काय देतोय, आणि काय ठेवून घेतोय? सभा उठताना जितेश त्याच्या कानाशी वाकला.

"आणि नाना, अकरावं कलम चालूच आहे हं. अडचण संपल्याचं मी कुठे जाहीर केलंय? असू द्या. तुम्हाला बरं पडेल."

दुपारी जेवताना येसाजीच्या डोक्यात अकरावं कलमच घोळत होतं. खरं म्हणजे ते कलम आजच रद्द करायला हवं होतं, सभेतच. पण सभा उठली होती. पुढची बोलवायची, तिथे वाडीच्या तासाचा विषय काढायचा, मग बंगल्यांना पाण्याचा शब्द देऊन बसलेले गावातले चार जण आडवे येणार, कोणी हरकत म्हणणार, आणि वाडी पुन्हा महिनाभर डबक्यावर. उलट वहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेली दोन वाक्यं होती. ती वापरली तर कोणालाच विचारायला नको. एकदाच वापरायची, तीही चांगल्या कामासाठी, आणि मग खोडून टाकायची.

त्याने गजाला फोन लावला. उद्या सकाळी सहाला वाडीचा व्हॉल्व पूर्ण उघडायचा, तासभर, आणि बंगल्यांचा बंद. गजाने कारण विचारलं नाही. बरं, एवढंच म्हणाला. येसाजीने फोन खाली ठेवला तेव्हा त्याला फार मोकळं वाटलं, गेल्या तीन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. चार दिवस दारोदार फिरून जे झालं नाही ते एका फोनवर झालं होतं.

"झालं?" जयवंताने विचारलं.

"झालं."

"कुनाला विचारलंत?"

"कशाला विचारायचं? वाडीचंच हाय ते."

जयवंताने ताट उचललं.

सोमवारी सकाळी वही पिशवीत घालून येसाजी वर चढला. वळणावरच त्याला बायकांचा आवाज ऐकू आला. वाडीच्या दोन्ही नळांना बोटभर धार होती, हंड्यांची रांग लागली होती, एक पोर नळाखाली डोकं घालून खिदळत होतं. येसाजीचे डोळे भरून आले. चांगो असायला हवा होता.

पारू रांगेत नव्हती. ती जरा दूर दगडावर बसली होती आणि तिचा हंडा पायाशी रिकामा होता.

"भरीत नाय का?" त्याने विचारलं.

"पानी कुनी सोडलं, नाना?"

"मी."

"सबा झाली?"

"सभा कशाला? ते कलम हाय ना, अकरावं. मी सांगितलं गजाला, त्यानं सोडलं."

ती हसेल, असं त्याने वाट चढताना गृहीत धरलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. असं बघणं त्याला ओळखीचं होतं. फाटकावर अठ्ठावीस वर्षं तो स्वतः असाच लोकांच्या पिशव्यांकडे बघत आला होता.

"मागं एक जंगलचा साहेब हुता," पारू म्हणाली. "लई भला. सुकी लाकडं आना, कोन अडवनार नाय, म्हनला. दोन सालं आनली. त्याची बदली झाली, नवा आला, त्यानं पयल्याच दिशी मोळ्या उतरवून घेतल्या. आमी म्हनलो, साहेबानं दिलं हुतं. तर म्हनला, कुटं लिवलंय?"

"मी हाय तवर कोन बंद करनार नाय."

"चांगोबाबाबी असंच म्हनला हुता."

नळावर कोणाचा तरी हंडा भरून वाहू लागला. येसाजीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"वही आनलीया ना?" पारू म्हणाली. "माजी हरकत लिवा."

"हरकत? कशाला? पानी तुमालाच दिलंय, पारू."

"एकट्यानं दिलं, त्याला हरकत."

वहीच्या शेवटी बारा वर्षांपूर्वी त्याने पट्टीने रेघा मारून चार पानं हरकतींसाठी राखली होती. चारही कोरी होती. त्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि थांबला. ही थट्टा नाही हे त्याला कळत होतं, तरी हात पुढे जाईना. एका दिवसात त्याला त्या किल्लीची सवय लागली होती, हे कबूल करायला त्याला फार जड गेलं.

"रीत ठाव हाय ना?" तो म्हणाला. "ज्याची हरकत त्याच्यावर भार. उद्या गाव म्हनंल, पारूनं सांभाळावं सगळं."

"ही रीत लिवलीया वहीत?"

येसाजीने चौदाही कलमं मनातल्या मनात चाळली.

"नाय," तो म्हणाला.

"मंग हरकत माजी, काम सगळ्यांचं."

त्याने शेवटचा प्रयत्न केला. हरकत लिहिली की निर्णय थांबतो, त्याने समजावलं. सभा होईपर्यंत हे नळ बंद ठेवावे लागतील, आज भरताहेत तेवढंच. आणखी सहा दिवस डबकं. हे त्याने जरा मोठ्याने सांगितलं, म्हणजे नळावरच्या बायकांना ऐकू जावं. त्यांना ऐकू गेलं. एक जण कमरेवर हात ठेवून पारूवर ओरडली, तुला वेड लागलं का गं, आलेली लक्ष्मी लाथाडतेस? दुसऱ्या दोघी तिच्यापाठोपाठ बोलू लागल्या. पारूने त्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"तीन सालं उलीसं उलीसं करून तोडलं, तवा कुनी इचारलं नाय," ती त्यांना म्हणाली. "आता देतानाबी इचारत नायत. सा दिस चालू आपन."

बायकांचा राग गेला नव्हता. ज्यांचे हंडे भरले होते त्या पारूकडे न बघता निघाल्या.

येसाजीने गजाला फोन केला. वाडीचा व्हॉल्व बंद कर, म्हणाला. गजाने या वेळीही कारण विचारलं नाही. बरं, म्हणाला. थोड्या वेळाने धार बारीक झाली, पाइपातून हवेचा आवाज आला आणि दोन्ही नळ थेंबाथेंबावर आले. नळाखालचं पोर डोकं वर करून बघू लागलं.

मग त्याने लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सरळ आलं नाही. हरकत पहिली. अध्यक्षांनी वाडीस पाणी सोडण्याचा निर्णय सभेस न विचारता एकट्याने घेतला, याबद्दल. पारू, ठाकूरवाडी.

"वाचा," पारू म्हणाली.

त्याने वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"सबा कदी?"

"येत्या रविवारी."

"आमचा तास?"

"त्याच सभेत. वहीत घेऊ."

"आनी ते अकरावं?"

"तेबी त्याच दिशी. खोडू."

पारूने रिकामा हंडा कमरेवर घेतला. ओहोळाची वाट तिच्या मागे होती, पण तिने पाय उचलला नाही.

"लिवा," ती म्हणाली.